रंगाची बाटली उघडण्याआधी

या वेळच्या टपालात रंग, खडू आणि कात्री यांचीच पत्रं जास्त आली. पहिल्या पत्राला मी भरपूर जागा दिली आहे, कारण बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

*प्रश्न : ताई, मी यंदाच बालवाडीत शिकवायला लागले. वर्गात तीन ते चार वर्षांची १८ मुलं आहेत. पहिल्याच आठवड्यात मी उत्साहाने कपाटातलं सगळं बाहेर काढलं : पोस्टर कलर, ब्रश, स्केचपेनं, डिंक, कात्र्या, टिकल्या. पुढच्या वीस मिनिटांत एकाने निळा रंग दुसरीच्या केसांना फासला, डिंकाच्या तीन बाटल्या रिकाम्या झाल्या आणि स्केचपेनांची टोपणं मला अजून सापडताहेत. आता मुख्याध्यापिका म्हणतात, रंग बंद, नुसते खडू द्या. मला मुलांकडून छान चित्रं काढून घ्यायची आहेत, पण तो गोंधळ पुन्हा नको. सुरुवात कुठून करू?*
*— एक नवी शिक्षिका*

तुमच्या डिंकाच्या तीन बाटल्या गेल्या, माझे पहिल्या वर्षी एका दिवसात महिन्याभराचे रंग गेले होते. सहा रंग, सहा वाट्या, २२ मुलं. दहाव्या मिनिटाला सहाही वाट्यांत एकच रंग होता, चिखलाचा. एक मुलगी वाटीत डोकावून म्हणाली, "बाई, पिवळा कुठे गेला?" मी काय सांगणार? पिवळा तिला भेटण्याआधीच संपला होता. साहित्य वर्गात आणायची माझी रीत बदलली ती त्या पिवळ्यापायी.

आधी तुमच्याच पत्रातले दोन शब्द बाजूला ठेवू या : "काढून घ्यायची". तीन वर्षांच्या मुलाला चित्र नको असतं. ही वस्तू करते काय, हे त्याला बघायचं असतं. ब्रश दाबला की त्याचे केस कसे फाकतात, कागद उभा केला की ओघळ कुठवर जातो, बाटली पिळली की धार किती लांब येते. तुमच्या वर्गात डिंक सांडला असं तुम्हाला वाटतं. माझ्या मते तीन मुलांनी डिंकाची धार पाहिली. पाहू द्यायची, पण बाटलीभर नाही. डिंक बाटलीच्या झाकणात घाला, झाकणाच्या निम्म्यापर्यंत, आणि सोबत एक आखूड जाड ब्रश द्या. संपला की मूल झाकण घेऊन पुन्हा मागायला येतं. ते येणंजाणं हाही खेळच, आणि तेवढ्यात चिकटवलेलं थोडं वाळतं.

मुख्य गोष्ट अशी की एका वेळी एकच नवी वस्तू. घरी पाहुणा आला की आपण आधी ओळख करून देतो, बसायची जागा दाखवतो, तसंच. ही कल्पना माझी नाही. फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने १८३७ मध्ये जर्मनीतल्या बाड ब्लांकनबुर्ग गावात लहान मुलांसाठी शाळा काढली. तिथे वस्तू ठरलेल्या क्रमाने मुलांच्या हाती येत : आधी लोकरीचे रंगीत चेंडू, मग लाकडी गोळा, ठोकळा आणि नळकांडं, पुढे लहान लहान ठोकळ्यांचे संच. त्याचा क्रम माझ्या मते फारच कडक होता, मुलांना इतकं बांधून ठेवायला मी धजले नसते. पण एकाच दिवशी सगळं कपाट उपडं करायचं नाही, एवढं मी त्याच्याकडून उचललं.

पहिले दोन आठवडे फक्त मेणखडू. जाड घ्या, कागद मोठा घ्या आणि कागदाचे चारही कोपरे टेबलाला चिकटपट्टीने लावून टाका. ही चिकटपट्टी विसरू नका. या वयात एक हात रेघ ओढतो, पण दुसऱ्या हाताने कागद धरायचा असतो हे मुलाच्या ध्यानात नसतं. कागद सरकतो, मूल चिडतं आणि आपण म्हणतो, याला चित्रकलेची आवडच नाही.

खडू मुठीत धरला तर धरू द्या. जन्माच्या वेळी मनगटातली आठही हाडं कूर्चेची असतात, त्यांचं हाड बनायचं काम पुढे कित्येक वर्षं चालतं. हात खांद्यातून हलतो, मग कोपरातून, मग मनगटातून, बोटांची पाळी सगळ्यांत शेवटी. साडेतीन-चारच्या सुमाराला बऱ्याच मुलांत तीन बोटांची पकड दिसू लागते, तीही आधी ताठर असते. बोटं पकडून "असं धर" म्हणण्यापेक्षा खडूचा तुकडा करून द्या. दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा मुठीत धरताच येत नाही, बोटांना आपोआप पुढे यावं लागतं. मोडलेले खडू मी कधी टाकले नाहीत, उलट नवे आणून मोडले. एक पालक ते बघून फार हळहळले होते. मात्र वस्तू तोंडात घालणारं मूल वर्गात असेल तर तुकडे नकोत. याचं कारण खालच्या एका उत्तरात येईल.

मग माती. मळायची, थापायची, बोट खुपसायचं, एवढंच. साचे लगेच काढू नका, साचा आला की हात थांबतो. एखादं मूल मातीला हातच लावणार नाही. त्याला काडी द्या, काडीने टोचू दे. माझ्या वर्गातला एक मुलगा तीन आठवडे काडीच वापरत होता. चौथ्या आठवड्यात काडी मातीत रुतली, ती काढायला त्याने बोटं घातली आणि बोटं तिथेच राहिली. त्या दिवशी मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. "अरे वा, हात लावलास!" म्हटलं असतं तर त्याने हात पुसून टाकला असता.

रंगाआधी एक पायरी आहे, ती बहुतेकजण गाळतात : ब्रश आणि नुसतं पाणी. फळ्यावर, पाटीवर, फरशीवर पाण्याने रंगवायचं. ओला पट्टा काळाभोर दिसतो आणि बघता बघता उडून जातो. सांडलं तर पाणीच सांडतं. ब्रश बुडवणं, काठाला निथळवणं आणि जागेवर ठेवणं, या तीन गोष्टी हाताला इथेच लागतात. माझ्याकडे एक मुलगा ११ दिवस फळ्याचा एकच कोपरा पाण्याने रंगवत होता. वाळला की पुन्हा. बाराव्या दिवशी मला म्हणाला, "उन्हाकडचं आधी जातं." फळ्याच्या त्या कोपऱ्यावर खिडकीतून ऊन येत होतं, हे तोवर माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

त्यानंतर रंग, आणि पहिला रंग पिवळा. वाटीच्या तळाला दोन चमचे. घट्ट हवा, पाण्यासारखा नको, आणि त्यात दोन-चार थेंब भांडी धुवायचा पातळ साबण घालून ठेवा, कपड्यांवरचे डाग सुटायला सोपं जातं. काही दिवसांनी निळा. प्रत्येक वाटीला स्वतःचा ब्रश. ब्रश धुवून दुसऱ्या रंगात घालायचा हा नियम तीन वर्षांच्या मुलाला समजतो, पण हाताला तितका धीर नसतो. वाटीगणिक ब्रश ठेवला की तो नियमच लागत नाही. आणि तुम्ही स्वतः काहीही मिसळून दाखवू नका. कुणाचा तरी निळा ब्रश ओल्या पिवळ्यावर जाणारच आहे. माझ्याकडे ते झालं तेव्हा ती मुलगी कागदाकडे न बघता ब्रश उलटासुलटा करून बघत राहिली, यातून आलं कुठून म्हणून. मग शेजारणीच्या कानात म्हणाली, "हिरवा आला." अर्ध्या मिनिटात टेबलावरच्या चौघींकडे हिरवा होता. पिवळ्यात निळा थोडासाच पुरतो, उलट करायचं तर पिवळा वाटीभर लागतो, हेही त्यांचं त्यांनीच शोधलं. तांबडा त्यानंतर, पांढरा त्याहून उशिरा. काळा मी वर्षाच्या शेवटी काढते, तो आला की बाकीच्यांना गिळतो.

टेबलावर चारच मुलं. "मग बाकीच्या १४ जणांचं काय?" असं तुम्ही विचाराल. ते ठोकळ्यांशी, मातीशी, खडूंशी, म्हणजे ज्या वस्तूंची ओळख झाली आहे त्यांच्याशी. रांग लावावी लागत नाही. भिंतीला चार खुंट्या आणि चार ॲप्रन. ॲप्रन खुंटीवर दिसला तर जागा रिकामी, नाही दिसला तर थांबायचं. माझी यादी कुणी कधी मानली नाही, खुंटी सगळ्यांनी मानली.

ओळख करून देताना दोन मिनिटांहून जास्त बोलू नका. सगळ्यांना गोल बसवा, वस्तू झाकून आणा, उघडा, नाव सांगा आणि हाताळून दाखवा. स्केचपेन असेल तर मी एवढंच करते : टोपण काढते, कागदावर एक रेघ ओढते, टोपण लावते आणि सगळ्यांना गप्प करून ऐकवते, "टक". टक ऐकू आलं की पेन झोपलं. नंतर आठवडाभर वर्गात टक-टक चालतं, पण टोपणं हरवत नाहीत. याहून पक्का उपाय हवा असेल तर मातीच्या जाड लादीत टोपणं तोंड वर करून रोवा आणि लादी वाळू द्या. मुलाने पेन उपसायचं, काम झालं की उभं खोचायचं.

दाखवताना रेघच ओढा, चित्र काढू नका. मी एकदा ब्रश कसा चालतो ते दाखवायला सहज एक मासा काढला. पुढे महिनाभर वर्गातले सगळे मासे डावीकडे तोंड करून पोहत होते.

आवरणं हा याच कामाचा शेवटचा भाग, शिक्षा नव्हे. फळीवर प्रत्येक वस्तूखाली तिचा बाह्याकार काढून ठेवा : ब्रशाखाली ब्रश, कात्रीखाली कात्री. ओला स्पंज मुलांच्या हाती द्या. टेबल पुसायला माझ्याकडे रंगवण्याइतकीच झुंबड असते.

मुख्याध्यापिकांशी वाद घालू नका. चार मुलं, एक रंग, दोन चमचे आणि पंधरा मिनिटं, असं सांगून त्यांना बघायला बोलवा. जमलं तर एक ॲप्रन त्यांनाही द्या.

*प्रश्न : आमच्या मुलाच्या बालवाडीतून दर शुक्रवारी हस्तकला घरी येते. कापूस चिकटवलेला ससा, हाताच्या ठशाचा मोर. दिसतं सुंदर, पण वर्गातल्या सगळ्या मुलांचा ससा अगदी एकसारखा असतो. हे ठीक आहे का? शिवाय मुलाने घरी काढलेलं चित्र म्हणजे नुसती गिचमिड असते. "हे काय काढलंस?" विचारलं तर तो गप्प बसतो.*
*— एक आई*

ससा बाईंनी कापला, डोळे बाईंनी लावले, मुलाच्या वाट्याला कापूस आला. मग ती हस्तकला कुणाची? बाईंनाही दोष देत नाही. शुक्रवारी मूल रिकाम्या हाताने घरी गेलं की सोमवारी विचारणा होते. ससे पालकांसाठी बनतात, आणि ते बंद करायचे तर पालकांनीच सुरुवात केली पाहिजे. बाईंना एकदा सांगून बघा की आम्हाला गिचमिड चालेल. त्यांच्या जिवावरचं ओझं उतरेल. माझ्या तरी उतरलं असतं.

आता ती गिचमिड. ऱ्होडा केलॉग या अमेरिकन शिक्षिकेने लहान मुलांची दहा लाखांहून जास्त चित्रं जमवली, आणि निरनिराळ्या देशांतली मुलं त्याच त्या रेघोट्यांमधून जातात असं तिला दिसलं. अशा २० मूळ रेघोट्या तिने वेगळ्या काढल्या : ठिपका, आडवी, उभी, नागमोडी, गरगर फिरणारी, अशा. रेघोट्यांतून पुढे वर्तुळ बंद होतं, वर्तुळाला किरण फुटतात आणि एक दिवस त्याच वर्तुळाला दोन डोळे आणि थेट डोक्यातून निघालेले दोन पाय येतात. पोट नाही, हात असले तर कानाच्या जागी. तो माणूस चुकलेला नाही. तुमच्या मुलाचा अजून यायचा आहे, वाट बघा.

"हे काय?" या प्रश्नावर तो गप्प बसतो, कारण बहुतेक ते काहीच नसतं. हात फिरला त्याची ती खूण. त्याऐवजी जे दिसतं ते बोला : "ही रेघ तू इथून पार कडेपर्यंत नेलीस", "इथे खडू जोरात दाबलास". सांगण्यासारखं असेल तर तो आपणहून सांगेल. त्याने सांगितलं तर त्याच्याच शब्दांत कागदाच्या पाठीमागे लिहा. पुढच्या बाजूला लिहायचं तर त्याला विचारून. सोबत तारीख घाला. सहा महिन्यांनी तीन कागद शेजारी मांडलेत की कुणाला काही विचारावं लागणार नाही.

*प्रश्न : चांगलं चित्र काढणाऱ्या मुलाला मी हातावर स्टार देते. त्यामुळे सगळी चित्रं काढायला बसतात. माझी सहकारी म्हणते, हे चुकीचं आहे. तुमचं मत?*
*— बालवर्गाच्या एक बाई*

मत सहकाऱ्यांच्या बाजूने. स्टार मीही दिले आहेत, मुलं बसतात हे खरं. प्रश्न असा आहे की स्टार नसताना किती बसतात.

याची १९७३ मध्ये तपासणी झाली. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी आधीच चित्रं काढायची आवड असलेली ३ ते ५ वर्षांची मुलं निवडली. काहींना सांगितलं, स्केचपेनांनी चित्र काढलंत तर सोनेरी तारा आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी दिलं. काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी तीच पेनं मोकळ्या वेळात टेबलावर ठेवली आणि कोण किती वेळ काढतं ते लपून बघितलं. बक्षिसाचं आधी कबूल केलेली मुलं वेळेच्या ८.६ टक्के भागच पेनांशी रमली. अचानक मिळालेली १८.१ टक्के आणि काहीच न मिळालेली १६.७ टक्के. गंमत बघा, चित्रं आवडायचीच त्यांना. आपण कबूल केलं आणि आवड होती ते काम होऊन बसलं.

स्टार एकदम बंद केलेत तर चार दिवस कुरकुर होईल. तेवढ्यात एखादी नवी वस्तू आणा, मोठा पुठ्ठा किंवा रुंद ब्रश. कुरकुर विसरायला होते.

*प्रश्न : मुलगी अडीच वर्षांची आहे. खडूचे तुकडे करून चावते. डबीवर "बिनविषारी" लिहिलेलं आहे. चालेल ना?*
*— एक बाबा*

बिनविषारी म्हणजे खाण्यासारखं नव्हे. एखादा तुकडा पोटात गेला तर घाबरू नका, पण मुख्य धोका विषाचा नसून घशात अडकण्याचा आहे. तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या खेळण्यांसाठी छोट्या भागांची एक चाचणी असते : ३.१७ सेंटिमीटर व्यासाच्या नळकांड्यात जी वस्तू पूर्ण मावते ती घशात अडकू शकते असं धरतात. खडूचा तुकडा त्यात सहज मावतो. मणी, टिकल्या, चिकटवायचे हलते डोळे, पेनांची लहान टोपणंही मावतात. तुमच्या मुलीला मुठीएवढा जाड गोळाखडू द्या, तिच्या शेजारी बसा, आणि चावायला लागली की खडू उचलून ठेवा. रागावू नका, "आता खडू ठेवू या, उद्या काढू" एवढं पुरे. वर पहिल्या उत्तरात तुकडे करा म्हटलं ते मोठ्या, तोंडात न घालणाऱ्या मुलांसाठी. तुमच्याकडे सध्या ते नको.

*प्रश्न : माझ्या वर्गातली एक डावखुरी मुलगी कात्रीने कागद कापत नाही, नुसता दुमडते. कमकुवत आहे का?*
*— बालवाडी सेविका*

कात्री कमकुवत आहे, मुलगी नाही. उजव्या हाताच्या कात्रीत अंगठा आणि बोटं मिळून पाती एकमेकांवर दाबतात. तीच कात्री डाव्या हातात गेली की तोच जोर पाती फाकवतो, कागद मध्ये दुमडतो. वर कापायची रेघ पात्याआड लपते ते वेगळंच. डाव्या हाताची कात्री मागवा. बोथट टोकाची, पण धार असलेली. बोथट धारेची कात्री उजव्या मुलांनाही रडवते.

ती येईपर्यंत दोन सेंटिमीटर रुंदीच्या जाडसर कागदाच्या पट्ट्या हाताने फाडायला द्या, त्यानेही बोटांना जोर येतो. कात्री आल्यावर त्याच पट्ट्या घ्या, म्हणजे एका कापात तुकडा पडतो. अंगठा वर, आणि बसायला टेबलाची डावी कड, म्हणजे शेजारणीचं कोपर लागणार नाही. पहिले आठ-दहा दिवस ती फक्त तुकडे पाडेल. ते एका डबीत जमवून ठेवा, चिकटवायच्या दिवशी वर्गाला पुरतील.